सेल्स टीमसाठी ईमेल ट्रॅकिंगचे साधन निवडताना

कोटेशन पाठवून चार दिवस होतात, पलीकडून ना फोन येतो ना मेलला उत्तर, आणि सोमवारच्या बैठकीत साहेबांचा ठरलेला प्रश्न येतो, "त्यांनी कोटेशन पाहिले तरी आहे का?" भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह तयार करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात सहा जणांच्या सेल्स टीमचे समन्वय मी पाहतो. या एका प्रश्नाचे उत्तर देणारे साधन शोधण्यात आमची जवळजवळ दोन वर्षे गेली. त्या काळात तीन साधने आली आणि दोन गेली. पुढील पायऱ्या त्या धडपडीतून निघालेल्या आहेत. त्या सर्वांचा रोख एकच आहे : मेल उघडला गेला की नाही हे सांगणाऱ्या आकड्यावर साधनाची निवड करू नये, तर क्लिक, उत्तर आणि त्यानंतर विक्रेत्याने उचलायचे पाऊल यांवर करावी.

पहिली पायरी : 'उघडला' म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावे

या साधनांची मूळ युक्ती साधी आहे. पाठवलेल्या मेलमध्ये एक पिक्सेल रुंद आणि एक पिक्सेल उंच असे पारदर्शक चित्र दडवलेले असते आणि प्रत्येक मेलसाठी त्या चित्राचा पत्ता वेगळा असतो. मेल उघडला की ग्राहकाचा मेल प्रोग्राम ते चित्र साधनाच्या सर्व्हरवरून मागवतो, आणि सर्व्हर वेळ, आयपी पत्ता व उपकरणाचा प्रकार टिपून ठेवतो. म्हणजे साधनाला कळते ते एवढेच की चित्र मागवले गेले. ते माणसाने मागवले की यंत्राने, मजकूर वाचला गेला की नुसता सरकवला गेला, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

येथून पुढे घोटाळे सुरू होतात. डिसेंबर २०१३ पासून जीमेल बाहेरची चित्रे स्वतःच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत आणते; त्यामुळे ग्राहक नाशिकला असो वा चेन्नईला, साधनाला दिसतो तो गूगलचा पत्ता. ग्राहकाचे गाव नकाशावर दाखवण्याची बढाई एखादा विक्रेता मारू लागला, तर त्याला जीमेलच्या ग्राहकाचे गाव दाखवायला सांगावे. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर 'मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन' आणले. ही सोय चालू असेल तर ॲपलचे मेल ॲप, मेल उघडला जावो वा न जावो, त्यातील चित्रे आपणहून आणून ठेवते, आणि त्या ॲपमध्ये जोडलेले खाते जीमेलचे असले तरी हाच प्रकार घडतो. उलट संगणकावरील पारंपरिक (क्लासिक) आउटलुक मूळ स्थितीत बाहेरची चित्रे अडवते, त्यामुळे तेथे ग्राहकाने मेल नीट वाचला तरी साधन 'उघडला नाही' असेच म्हणत राहते. चूक दोन्ही दिशांनी होते, म्हणून सरासरी काढूनही ती जात नाही.

आमच्या एका नव्या सहकाऱ्याने एकदा मोठ्या उत्साहाने मला फोनचा पडदा दाखवला : एका पर्चेस मॅनेजरने आमचे कोटेशन पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी उघडले होते. इतकी निकड असलेला ग्राहक म्हणून त्याने सकाळी ९ लाच फोन लावला. मॅनेजरसाहेबांनी तो मेल अजून पाहिलाच नव्हता. त्यांचा आयफोन रात्रभर चार्जिंगला होता, इतकेच.

क्लिकची नोंद याहून भरवशाची असते, पण तीही निर्दोष नसते. मोठ्या कंपन्यांचे मेल मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, प्रूफपॉइंट, माइमकास्ट किंवा बराकुडा यांसारख्या सुरक्षा यंत्रणेतून जातात, आणि अशी यंत्रणा मेल माणसापर्यंत पोहोचण्याआधीच त्यातील दुवे उघडून तपासू शकते. मेल गेल्यावर काही सेकंदांतच सर्व दुव्यांवर एकदम क्लिक झालेली दिसली, तर ते यंत्राचे काम समजावे. अशी क्लिक ओळखून वेगळी काढता येते का, हा प्रश्न साधन विकणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारावा. आणखी एक मर्यादा सहसा कोणी सांगत नाही : एकाच मेलमध्ये चार जणांना सीसी केले असेल, तर चौघांकडे तोच पिक्सेल, म्हणजे तेच दडवलेले चित्र, जातो, त्यामुळे तो कोणी उघडला हे त्या नोंदीवरून ठरवता येत नाही. मेल पुढे पाठवला गेला, तर त्या तिऱ्हाइताने उघडल्याची नोंदही मूळ ग्राहकाच्याच नावावर पडते.

दुसरी पायरी : संकेत मिळाल्यावर कोण काय करणार, हे आधी लिहून काढावे

साधनांची तुलना करण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि डाव्या बाजूस संकेत व उजव्या बाजूस कृती लिहावी. आमच्या कागदावर शेवटी तीनच ओळी उरल्या. कोटेशनच्या दुव्यावर क्लिक झाली, तर त्याच दिवशी दुपारनंतर तांत्रिक शंकांबाबत फोन करायचा. पाच कामकाजी दिवसांत क्लिकही नाही आणि उत्तरही नाही, असे असेल तर त्याच मेलच्या धाग्यात दुसरा, छोटा मेल पाठवायचा. मेल परत आला, म्हणजे पत्ता चुकीचा निघाला, तर त्याच तासात रिसेप्शनला फोन करून पत्ता दुरुस्त करायचा.

'उघडला' या संकेतासमोर लिहिण्यासारखी कृती आम्हाला सापडलीच नाही. ज्या संकेतासमोर उजवी बाजू कोरी राहते त्यासाठी पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. परत आलेल्या मेलची खबर मात्र सर्वांत उपयोगी ठरली, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

तिसरी पायरी : साधनाचा प्रकार ठरवावा

बाजारातील साधनांचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला प्रकार ब्राउझरमध्ये बसणाऱ्या एक्स्टेंशनचा. पूर्वीचे मेलट्रॅक म्हणजे आताचे मेलस्वीट, तसेच स्ट्रीक, येसवेअर आणि मिक्समॅक्स ही त्यातील परिचित नावे. ती दहा मिनिटांत चालू होतात, पण एक्स्टेंशन संगणकावरील ब्राउझरमध्येच चालते, आणि आमचे निम्मे मेल फिरतीवर, टोलनाक्याच्या रांगेत गाडी उभी असताना, मोबाईलवरून जातात. असे मेल ट्रॅक होतात का, आणि त्यासाठी वेगळे ॲप लागते का, हे आधीच विचारून घ्यावे. काही साधनांच्या मोफत आवृत्तीत मेलच्या तळाशी त्या साधनाची जाहिरातवजा सही उमटते. गंभीर कोटेशनखाली ती शोभत नाही, आणि आपण नजर ठेवत आहोत हे ग्राहकाला उघडपणे सांगून टाकते.

दुसरा प्रकार सीआरएममध्येच, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच, अंतर्भूत असलेल्या सोयीचा आहे. झोहो सीआरएम, फ्रेशसेल्स, हबस्पॉट यांच्यात मेलची नोंद थेट ग्राहकाच्या खात्यावर चढते. टीमकडे आधीच सीआरएम असेल तर प्रथम त्यातील सोय तपासावी. नवे साधन आणून दोन ठिकाणी नोंदी ठेवण्याची वेळ आली, की महिनाभरात दोन्हींपैकी एक वही कोरी पडते. तिसरा प्रकार आउटरीच, सेल्सलॉफ्ट, अपोलो यांसारख्या मोठ्या व्यवस्थांचा. त्यांत ठरावीक अंतराने आपोआप जाणाऱ्या मेलची साखळी लावता येते. रोज शेकडो अनोळखी लोकांना मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीला त्या उपयोगी पडतात. महिन्याला साठ-सत्तर कोटेशन काढणाऱ्या कारखान्यासाठी ते म्हणजे चटणी वाटायला गिरणी लावण्यासारखे आहे.

चौथ्या प्रकाराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्यात मेल नव्हे, तर दस्तऐवज ट्रॅक केला जातो. कोटेशनची पीडीएफ मेलला न जोडता तिचा दुवा पाठवायचा, आणि ग्राहकाने ती कधी उघडली व कोणत्या पानावर किती वेळ थांबला, हे पाहायचे. ड्रॉपबॉक्सने २०२१ मध्ये विकत घेतलेले डॉकसेंड हे याचे परिचित उदाहरण. ग्राहक ड्रॉइंगच्या पानावर थांबला की दरपत्रकाच्या, हे कळणे 'मेल उघडला' या बातमीपेक्षा कितीतरी मोलाचे असते. अडचण अशी की अनेक सरकारी आणि निमसरकारी खरेदी विभागांना दुवा चालत नाही, त्यांना जोडलेली पीडीएफच हवी असते. अशा ग्राहकांसाठी मुकाट्याने अटॅचमेंट पाठवावी आणि ट्रॅकिंगचा नाद सोडून द्यावा.

चौथी पायरी : साधन कोणकोणत्या परवानग्या मागते, ते वाचावे

एक्स्टेंशन बसवताना ब्राउझर एक छोटी चौकट दाखवतो आणि आपण तिच्याकडे न पाहता 'होय' दाबतो. त्या चौकटीत बहुधा असे लिहिलेले असते की हे साधन तुमच्या मेलच्या संकेतस्थळावरील सर्व माहिती वाचू आणि बदलू शकेल. सेल्सच्या मेलबॉक्समध्ये ग्राहकांचे दर, सवलती, ड्रॉइंग आणि कधीकधी बँकेचा तपशील असतो, हे लक्षात घेतले की त्या एका वाक्याचे वजन कळते. फक्त मेल पाठवण्याची परवानगी मागणारे साधन आणि सगळा मेलबॉक्स वाचण्याची परवानगी मागणारे साधन यांत मोठा फरक आहे. मेलबॉक्स वाचण्याच्या परवानगीला गूगल निर्बंधित वर्गात धरते, आणि ती माहिती स्वतःच्या सर्व्हरवर नेणाऱ्या साधनांना ठरावीक काळाने बाहेरील सुरक्षा तपासणीतून जावे लागते. त्या तपासणीचे पत्र मागावे. ते देण्यास टाळाटाळ झाली तर बोलणी तेथेच थांबवावी.

गूगल वर्कस्पेस वापरत असाल तर ॲडमिन कन्सोलमधून बाहेरील ॲप एकेक करून मंजूर किंवा बंद करता येतात. निवड चालू असेपर्यंत ही किल्ली आयटी सांभाळणाऱ्या एकाच व्यक्तीकडे ठेवावी. आमच्याकडे एकदा झडती घेतली तेव्हा सहा माणसांच्या मेलबॉक्सना एकूण अकरा साधने जोडलेली निघाली, आणि त्यांतील सात कोणी जोडली हे कोणालाच आठवत नव्हते.

पाचवी पायरी : मेल इनबॉक्समध्ये पोहोचतो ना, याची खात्री करावी

दुवा ट्रॅक करण्यासाठी साधन मूळ पत्ता बदलून त्या जागी स्वतःचा पत्ता घालते. ग्राहकाची क्लिक आधी साधनाच्या सर्व्हरवर जाते आणि तेथून खऱ्या पानावर वळवली जाते. हा पत्ता साधनाच्या सर्व गिऱ्हाइकांसाठी समाईक असेल, तर दुसऱ्या कोणी त्यावरून केलेल्या कचरा-मेलचा ठपका आपल्या कोटेशनवरही पडू शकतो. म्हणून आपल्याच डोमेनचा उपविभाग ट्रॅकिंगसाठी वापरू देणारे साधन निवडावे. त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या नोंदवहीत, सीनेमची (एक नाव दुसऱ्या नावाशी जोडणारी) एक नोंद घालावी लागते. वेबसाइट सांभाळणारा माणूस ते काम चहा होईपर्यंत करून देतो. दुव्याचा मजकूर म्हणून पूर्ण वेबपत्ता कधीही लिहू नये, कारण दिसणारा पत्ता एक आणि प्रत्यक्ष जाणारा दुसरा, ही फसव्या मेलची ओळखीची खूण आहे. त्याऐवजी 'कोटेशन येथे पाहावे' असे साधे शब्द ठेवावेत.

त्याच बैठकीत एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन, म्हणजे मेल खरोखर आपल्याच डोमेनवरून गेला आहे हे पटवून देणाऱ्या, नोंदी तपासून घ्याव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना, म्हणजे जीमेलच्या बाबतीत दिवसाला सुमारे ५,००० मेल पाठवणाऱ्यांना, या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे. आपण दिवसाला वीसच मेल पाठवत असलो तरी या नोंदी नसलेला मेल संशयास्पदच ठरतो. अनोळखी ग्राहकाला पहिला मेल पाठवताना आम्ही पिक्सेल आणि दुवा दोन्ही बंद ठेवतो. ओळख नसताना मेल साधा, केवळ मजकुराचा असलेला बरा. त्यामुळे ट्रॅकिंग प्रत्येक मेलसाठी स्वतंत्रपणे बंद करता येते का, हेही पाहावे.

सहावी पायरी : कायद्याची बाजू पाहावी

आमचे काही ग्राहक जर्मनीत आहेत, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नव्हता. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि तेथील डेटा संरक्षण मंडळाने २०२४ मध्ये अंतिम केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ट्रॅकिंग पिक्सेल हा संमतीच्या नियमाच्या कक्षेत येणारा प्रकार मानला आहे. आम्ही सरळ निर्णय घेतला : युरोपातील पत्त्यांना ट्रॅकिंग पूर्ण बंद. असा नियम पत्त्याच्या शेवटावरून किंवा ग्राहकगटावरून आपोआप लावता आला पाहिजे, ही आमच्या यादीतील सक्तीची अट ठरली, आणि तीवर दोन साधने बाद झाली.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. व्यवहारात ध्यानात ठेवायचा मुद्दा असा की माहिती हाताळण्याचे काम बाहेरच्या साधनाला दिले तरी कायद्याची जबाबदारी आपल्यावरच राहते. म्हणून माहिती कोठे साठवली जाते, किती दिवस ठेवली जाते आणि मागणी केल्यास पुसली जाते का, ही तीन उत्तरे करारात लेखी घ्यावीत आणि आपल्या गोपनीयता धोरणात ट्रॅकिंगचा उल्लेख करावा. कराराचा मसुदा सही करण्यापूर्वी वकिलाच्या नजरेखालून घालावा.

सातवी पायरी : दोन आठवड्यांची चाचणी घ्यावी

विक्रेत्याने दाखवलेले प्रात्यक्षिक नेहमीच सुंदर असते, कारण मेल पाठवणारा तोच आणि उघडणाराही तोच असतो. स्वतःची चाचणी घेण्यासाठी पाच मेलबॉक्स पुरतात : ब्राउझरमधील जीमेल, अँड्रॉइड फोनवरील जीमेल, आयफोनवरील ॲपल मेल, संगणकावरील आउटलुक, आणि शक्य झाल्यास सुरक्षा यंत्रणा असलेल्या एखाद्या मोठ्या कंपनीतील मित्राचा पत्ता, अर्थात त्याच्या संमतीने.

सर्वांत बोलकी चाचणी म्हणजे मेल न उघडण्याची. सकाळी ११ वाजता पाचही ठिकाणी मेल पाठवावा आणि संध्याकाळी ५ पर्यंत कोणीही तो उघडू नये. तोवर साधन जितके मेल 'उघडले' म्हणून सांगेल, तितकी त्याची थाप. आम्ही तपासलेल्या साधनांपैकी एकाने आयफोनवरील मेल दुपारी जेवणाच्या सुट्टीआधीच उघडल्याचे जाहीर केले. दुसऱ्याने तीच नोंद 'ॲपलमुळे अनिश्चित' अशा शिक्क्यासह दाखवली. आम्ही दुसरे घेतले. आपल्या अज्ञानाची कबुली देणारे साधन मला अधिक भरवशाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी मेल उघडून वहीतील वेळ आणि साधनातील वेळ ताडून पाहावी. वेळ भारतीय प्रमाणवेळेत दिसते की नाही, हेही तेव्हाच कळते. त्यानंतर सीसी करून, पुढे पाठवून आणि आपल्याच 'पाठवलेले' कप्प्यातून मेल उघडून पाहावे. आपण स्वतः उघडलेला मेल ग्राहकाच्या नावावर पडत असेल, तर ते साधन बाजूला ठेवावे. मेल फार लांबला तर जीमेल साधारण १०२ किलोबाइटनंतरचा भाग दुमडून ठेवते आणि तळाशी असलेला पिक्सेल त्यात दडून जातो. जुन्या मेलची लांबलचक शेपटी जोडून हाही प्रयोग करावा. आमचे कोल्हापूर आणि सांगलीकडील डीलर मराठीत लिहितात, त्यामुळे मराठी विषयओळ असलेला अहवाल एक्सेलमध्ये उतरवूनही पाहिला. एका साधनाच्या अहवालात सगळी देवनागरी चिन्हांची रांगोळी झाली होती.

आठवी पायरी : पैशांचा हिशेब

दर बहुधा प्रतिमाणशी, प्रतिमहिना आणि अनेकदा डॉलरमध्ये असतो. परदेशी कंपनीकडून सेवा घेतल्यास नोंदणीकृत व्यवसायाला रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी स्वतः भरावा लागतो. त्याचे क्रेडिट मिळत असले तरी लेखा विभागाला आधी सांगून ठेवावे. कार्डावरून आपोआप होणाऱ्या १५,००० रुपयांवरील वसुलीला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर वेळी अतिरिक्त पडताळणी लागते, आणि ती राहून गेली की सेवा बंद पडते. वार्षिक करार असेल तर नूतनीकरणाच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरवर घालून ठेवावी.

नववी पायरी : टीमसाठी लेखी नियम करावेत

आमच्या एका विक्रेत्याने एका साखर कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्यांना फोन केला आणि म्हणाला, "साहेब, आपण आत्ताच आमचे कोटेशन तिसऱ्यांदा उघडलेत ना?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग अधिकारी म्हणाले, "तुम्ही माझ्या टेबलावर कॅमेरा लावला आहे काय?" ऑर्डर रद्द झाली नाही, पण पुढच्या दोन इन्क्वायऱ्या आमच्याकडे आल्याच नाहीत. २०१९ मध्ये सुपरह्यूमन या ईमेल सेवेवर नेमक्या याच कारणाने मोठी टीका झाली होती. वाचणाऱ्याचे ठिकाण दाखवणे त्या कंपनीला बंद करावे लागले, आणि वाचल्याची सूचनाही मूळ स्थितीत बंद ठेवावी लागली.

तेव्हापासून आमचा पहिला नियम असा : ट्रॅकिंगमधून कळलेली गोष्ट ग्राहकासमोर कधीही बोलायची नाही. फोन करायचा तो कामाच्या निमित्ताने, उदाहरणार्थ गॅस्केटच्या मटेरियलबद्दल खात्री करून घेण्यासाठी. दुसरा नियम साहेब लोकांसाठी आहे : किती मेल उघडले गेले, यावरून विक्रेत्याचे मूल्यमापन करायचे नाही. तसे केले की लोक आकडा वाढवण्यासाठी मेल पाठवू लागतात, आणि आयफोनवाले ग्राहक ज्याच्या वाट्याला आले तो विनाकारण वरचढ ठरतो.

दहावी पायरी : साधन सोडताना काय होईल, ते घेतानाच विचारावे

साधन बंद केल्यावर त्यातून गेलेल्या जुन्या दुव्यांचे काय होते, हा प्रश्न आम्ही पहिल्या वेळी विचारला नाही. वर्षभराने ते साधन सोडले, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी एका ग्राहकाने जुन्या मेलमधील कोटेशनचा दुवा दाबला तेव्हा समोर कोरे पान आले, कारण क्लिक अजूनही त्याच बंद खात्यातून वळवली जात होती. म्हणून करार संपल्यावर जुने दुवे किमान किती काळ चालू राहतील, हे लेखी घ्यावे आणि नोंदी सीएसव्हीमध्ये उतरवून घेण्याची सोय तपासावी. शेवटच्या दिवशी केवळ वर्गणी बंद करून थांबू नये. प्रत्येक मेलबॉक्सच्या सुरक्षा पानावर जाऊन त्या साधनाला दिलेला प्रवेश काढून घ्यावा, एक्स्टेंशन हटवावे आणि डीएनएसमधील सीनेमची नोंद पुसावी. टीममधील कोणी नोकरी सोडून जात असेल, तर त्याच्या खात्यापुरते हेच काम त्याच संध्याकाळी, लॅपटॉप जमा करून घेतानाच उरकावे.